कोयता, क्लिप आणि आईचा फोन

सकाळचे पावणेआठ. मी कोथरूडच्या फ्लॅटमध्ये, तोंडात ब्रश, डोळे अर्धे मिटलेले. मोबाइल वाजला. आई! मिरजेहून आई इतक्या सकाळी फोन करते ती दोनच कारणांसाठी. एक तर कुणाचं लग्न ठरलेलं असतं, नाही तर कुणी गेलेलं असतं. त्या दिवशी मात्र तिसरंच निघालं.

‘अगं, तुमच्या तिकडं कोयता गँग आलीय म्हणे? तू रात्री किती वाजता येतेस घरी?’

‘कुठं वाचलंस तू?’

‘वाचायला कशाला पाहिजे? काकांनी सकाळीच ग्रुपवर टाकलंय. पुण्यात पुन्हा कोयता गँगचा थरार, उपनगरात घबराट! तुमच्याच चॅनलचं आहे की ते.’

चॅनल आमचंच होतं. आणि मथळा माझा होता. आदल्या रात्री अकरा वाजून वीस मिनिटांनी, थंडगार झालेलं सँडविच एका हातात धरून, दुसऱ्या हाताने मीच तो टाइप केला होता.

ही गोष्ट जानेवारी २०२३ ची. मी तेव्हा एका वृत्तवाहिनीच्या डिजिटल डेस्कवर होते. मास कॉमची डिग्री, त्यात ‘मीडिया एथिक्स’च्या पेपरला चांगले मार्क, सगळं होतं. त्या रात्री आलेल्या पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये काय होतं ते मला आजही आठवतं. एका चाळीत दोन शेजाऱ्यांची टू-व्हीलर लावण्यावरून जुनी धुसफुस. शब्दाने शब्द वाढला, एकाने घरातून कोयता आणला, दुसऱ्याच्या दंडाला जखम. टाके घालून घरी सोडलं. कोयता आणणारा ताब्यात. बस्स. आठ ओळी. त्यात ‘गँग’ नव्हती, ‘थरार’ नव्हता, आणि ‘घबराट’ तर मी थेट हवेतूनच काढली होती. मी त्या चाळीत गेलेच नव्हते, तर घाबरलं कोण होतं हे मला कसं कळणार?

पण बातमी चालली. जाम चालली! डेस्कसमोरच्या भिंतीवर एक मोठा स्क्रीन होता. या क्षणी कुठली बातमी किती लोक वाचताहेत ते आकडे त्यावर सारखे हलत असत. माझी बातमी वीस मिनिटांत पहिल्या नंबरवर. सीनियरने पाठीवर थाप मारली. आपण तर एकदम खूश.

एका शब्दाची जादू

हा ‘कोयता गँग’ शब्द आला कुठून? २०२२ सरता सरता पुण्यात हातात कोयते घेऊन दुकानांची, गाड्यांची तोडफोड करणाऱ्या पोरांच्या घटना एकापाठोपाठ एक बातम्यांत येऊ लागल्या. डिसेंबरच्या शेवटी सिंहगड लॉ कॉलेज परिसरात दोघं जण कोयते नाचवत फिरल्याची क्लिप तर तुम्हीही पाहिली असेल. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात त्या वेळचे विरोधी पक्षनेते अजित पवार यांनी हा विषय विधानसभेत मांडला. मग पुणे पोलिसांनी कोयतेधाऱ्यांना पकडणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी बक्षिसं जाहीर केली. कोयता विकत घेणाऱ्याचं आधार कार्ड बघा, असं दुकानदारांना सांगण्यात आलं. ऊसतोडीला निघालेल्या माणसाने हत्यारासाठी ओळखपत्र दाखवायचं, अशी वेळ आली म्हणजे बघा.

घटना खोट्या नव्हत्या, हे आधीच सांगून टाकते. ज्याच्या टपरीची काच फुटली त्याला ‘मीडियाने वाढवून सांगितलं’ म्हणणं हा शुद्ध उद्धटपणा आहे. पण ‘कोयता गँग’ नावाची एक टोळी, तिचा एक म्होरक्या, असं काही नव्हतं. वेगवेगळ्या वस्त्यांतली वेगवेगळी टोळकी. बरीचशी पोरं अल्पवयीन. काही खरोखर गुन्हेगार, काही नुसतीच रीलसाठी मिरवणारी. त्या सगळ्यांना आम्ही एकच नाव दिलं. आणि एकदा नाव मिळालं की मग काय! शेजाऱ्याचं भांडण असो, प्रेमप्रकरणातला हल्ला असो की दारूच्या दुकानातली हाणामारी, कोयता दिसला की ‘गँग’. कालपर्यंत पान सातवर दोन ओळींत जाणाऱ्या बातम्या आता एका ‘मालिके’चे एपिसोड झाले. घटना वाढल्या नाहीत तरी एपिसोड वाढत राहतात, हे कुणाच्या लक्षात येत नाही. माझ्याही आलं नव्हतं.

कॉलेजात एक पुस्तक अभ्यासाला होतं, ‘पोलिसिंग द क्रायसिस’. स्टुअर्ट हॉल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये लिहिलेलं. परीक्षेपुरतं वाचून मी ते विसरले होते. ऑगस्ट १९७२ मध्ये लंडनच्या वॉटर्लू स्टेशनजवळ एका म्हाताऱ्याला भोसकून मारण्यात आलं. ब्रिटिश वर्तमानपत्रांनी त्याला ‘मगिंग’ म्हटलं. हा शब्द अमेरिकेतून आलेला. रस्त्यात गाठून लुटणं हा प्रकार लंडनला शेकडो वर्षं ठाऊक होता, पण नवीन शब्दामुळे तो नवीन गुन्हा वाटायला लागला. पुढचं वर्षभर सगळीकडे ‘मगिंग’च. अमेरिकन शहरांची भीतीही त्या शब्दाबरोबर आली, आणि कृष्णवर्णीय तरुणाचा चेहराही त्याला चिकटला. मार्च १९७३ मध्ये बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थ भागातल्या तीन मुलांना एका माणसाला लुटून बेदम मारल्याबद्दल शिक्षा झाली. त्यांतल्या सोळा वर्षांच्या मुलाला न्यायालयाने वीस वर्षं दिली. वीस वर्षं!

लंडनचा तो शब्द आणि पुण्याचा आपला शब्द एकसारखे आहेत असा माझा दावा नाही. पण ती प्रकरणं नोकरी सोडल्यावर पुन्हा वाचली तेव्हा मला आमचं डेस्कच आठवत होतं.

चौदा सेकंदांचं आयुष्य

बातमी तयार कशी होते ते बाहेरून कळत नाही, म्हणून जरा आतलं सांगते.

क्राइम रिपोर्टरचा दिवस पोलिसांपासून सुरू होतो आणि पोलिसांपाशीच संपतो. सकाळची प्रेसनोट, अधिकाऱ्यांचे फोन, पत्रकारांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. त्यामुळे घटनेची पहिली आवृत्ती असते ती पोलिसांची, आणि बहुतेक वेळा तीच शेवटची. दोन-चार वर्षांनी कोर्टात तो माणूस निर्दोष सुटला तर ती बातमी द्यायला कुणी मोकळं नसतं. तोपर्यंत त्या रिपोर्टरने दोन नोकऱ्या बदललेल्या असतात.

डेस्कवर पहिला प्रश्न एकच. ‘फुटेज आहे का?’ फुटेज नसेल तर खुनाची बातमीसुद्धा खालच्या पट्टीवर सरकून जाते. आणि फुटेज असेल तर काचेवर दगड मारणारा पोरगाही दिवसभर राज्य करतो. सीसीटीव्हीची क्लिप असते दहा-पंधरा सेकंदांची. बुलेटिन असतं अर्ध्या तासाचं. मग काय, क्लिप फिरवायची. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. लाल वर्तुळ काढायचं, बाण दाखवायचा, स्लो मोशन करायचं. मिरजेला पोळ्या लाटता लाटता माझ्या आईने एक कोयता दिवसभरात चाळीसदा उगारलेला पाहिला. तिच्या लेखी तो एक हल्ला नव्हताच.

गंमत म्हणजे त्याच जानेवारीत, ९ तारखेला, केंद्रीय माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने सगळ्या वाहिन्यांना सूचना काढली होती. मृतदेह, रक्तबंबाळ माणसं, निर्दय मारहाण जवळून दाखवू नका म्हणून. आम्ही काय केलं असेल? ब्लर केलं. खरं सांगू? ब्लर केलेलं जास्त भयानक दिसतं. पाहणारा उरलेलं मनानेच भरतो.

या परिणामाला नाव आहे. जॉर्ज गर्बनर नावाचे एक प्राध्यापक होते, मूळचे बुडापेस्टचे, नंतर अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात. साठच्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी टीव्हीवरच्या हिंसेची मोजदाद सुरू केली. त्यांना दिसलं की रोज तासन्‌तास टीव्ही बघणारी माणसं, कमी बघणाऱ्यांच्या तुलनेत, जग जास्त वाईट समजतात. शेजाऱ्यावर कमी विश्वास, रात्री बाहेर पडायची जास्त धास्ती, आपण गुन्ह्याला बळी पडू ही शक्यता वाजवीपेक्षा मोठी वाटणं. त्यांनी याला ‘मीन वर्ल्ड सिंड्रोम’ म्हटलं. म्हणजे ‘जग दुष्ट आहे’ हा आजार. यावर टीकाही झाली. ज्यांची वस्ती खरंच धोक्याची असते ती माणसं घरात बसून टीव्ही जास्त बघतात, मग कारण कुठलं आणि परिणाम कुठला, असा तो आक्षेप. रास्त आहे. पण मिरजेच्या ज्या गल्लीत आई राहते तिथं गेल्या दहा वर्षांत चोरीला गेलेली सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे एक सायकल आहे. आईपुरतं तरी मी गर्बनरसाहेबांच्या बाजूने!

अमेरिकेत तर हे मोजूनच झालंय. १९९३ ते २०२२ या काळात एफबीआयच्या आकड्यांनुसार तिथले हिंसक गुन्हे जवळजवळ निम्म्यावर आले. पण गॅलपच्या पाहण्यांत जवळपास दर वर्षी बहुसंख्य लोक म्हणत राहिले की देशात गुन्हे गेल्या वर्षीपेक्षा वाढलेत. ‘आणि तुमच्या भागात?’ विचारलं की वाढलेत म्हणणाऱ्यांचं प्रमाण कमी व्हायचं. आपली गल्ली बरी असते, कारण ती आपण डोळ्यांनी बघतो. देश आपण स्क्रीनवर बघतो.

आकड्यांचा कंटाळा येतो, पण...

पण दोनच आकडे ऐका. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ मध्ये भारतात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले. त्याच वर्षी रस्ते अपघातांत मेलेली माणसं १,६८,४९१. जवळजवळ सहापट. रोजची साडेचारशेहून जास्त. अपघात म्हणजे फक्त एक फोटो, उलटलेली गाडी, झालं. त्यात खलनायक नसतो ना.

खुनांचंही बघा. २०२२ च्या नोंदींत सगळ्यात मोठं कारण होतं ‘वाद’. त्याखाली ९,९६२ गुन्हे. मग वैयक्तिक वैर. पैशाच्या लोभाने केलेले खून त्यामानाने बरेच कमी. खुनामागे बहुतेकदा ओळख असते, जुना राग असतो, जमीन असते, नातं असतं. बलात्काराच्या नोंदींत तर दर वर्षी दहांपैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचाच निघतो. अंधारातला अनोळखी माणूस हा आपल्या भीतीचा हीरो आहे. आकडेवारीत मात्र तो साइड रोलला.

२७ जून २०२३ ची सदाशिव पेठेतली क्लिप आठवतेय? स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलीमागे भरदिवसा कोयता घेऊन धावणारा तरुण, आणि जिवावर उदार होऊन मध्ये पडलेली दोन मुलं. ती क्लिप पाहून आम्ही सगळ्या मुली आठवडाभर मागे वळून वळून चालत होतो. ‘पुण्यात मुली सुरक्षित नाहीत’ यावर रोज चर्चा. हल्ला करणारा मात्र रस्त्यावरचा कुणी अनोळखी नव्हता. तिच्या ओळखीचा होता, आणि ‘नाही’ ऐकून घ्यायची त्याची तयारी नव्हती. हे बातमीत होतं, पण सातव्या-आठव्या वाक्यात. क्लिपमध्ये ते दिसत नव्हतं. मग आयांनी मुलींना काय सांगितलं? ‘अंधाराच्या आत घरी ये.’ हल्ला तर सकाळी झाला होता!

पाच माणसांची गोष्ट

इथवर वाचून वाटेल, ठीक आहे, थोडी जास्त भीती वाटली तर बिघडलं कुठं? सावध राहतात माणसं.

रविवार, १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा गाव. आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं एसटीतून उतरली. बहुतेक सोलापूरकडच्या मंगळवेढा तालुक्यातली. गावोगाव फिरून भिक्षा मागणं हे त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं जगणं. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला, असं कुणीतरी म्हणालं. मुलं पळवणारी टोळी! जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मारलं. पाचही जण मेले. त्याच रात्री मालेगावात अशाच संशयावरून एका कुटुंबाला जमावाने घेरलं. त्यांच्यासोबत लहान बाळ होतं. पोलिसांनी त्यांना सोडवलं म्हणून ते वाचले.

त्या उन्हाळ्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या क्लिप्स देशभर फिरत होत्या. त्यांतली सगळ्यात गाजलेली क्लिप तुम्हीही पाहिली असेल. गल्लीत क्रिकेट खेळणारी मुलं, मोटारसायकलवरून दोघं येतात, एका मुलाला उचलतात आणि पसार. ती क्लिप होती कराचीची. एका संस्थेची, मुलांची काळजी घ्या असं सांगणारी जाहिरात. मूळ जाहिरातीत मोटारसायकलवाले परत येतात, मुलाला खाली ठेवतात आणि संदेशाचा फलक दाखवतात. कुणीतरी शेवटचा भाग कापून टाकला. बाकी काहीच करावं लागलं नाही.

जुलै २०१८ मध्येच व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आणली, वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. चांगलं केलं. पण सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर ढकलून आम्ही पत्रकारांनी हात झटकले, ते मला पटत नाही. मे २००१ मध्ये कुठं होतं व्हॉट्सअ‍ॅप? तेव्हा दिल्लीत ‘काला बंदर’ आला होता! चार फुटांचा, लोखंडी पंजांचा, लाल डोळ्यांचा, कधी हेल्मेट घातलेला. पूर्व दिल्ली, गाझियाबाद, कडक उन्हाळा, रोजचं लोडशेडिंग, माणसं गच्चीवर झोपलेली. रोज नव्या ‘हल्ल्या’ची बातमी. पोलिसांनी स्केचेस काढली, पन्नास हजारांचं बक्षीस लावलं. घाबरून गच्चीवरून उड्या टाकून, जिन्यावरून पडून माणसं मेली. माकड मात्र नव्हतंच. तज्ज्ञांनी तपासून तो सामूहिक भ्रम असल्याचं सांगितलं. ‘दिल्ली-६’ सिनेमात हेच काला बंदर आलंय. सिनेमात मजा वाटते.

मग बातमी द्यायचीच नाही?

असं नाही हो. मी कितीही वैतागले तरी एवढी आंधळी नाही.

१ नोव्हेंबर २००७. पुण्यातल्या एका बीपीओत रात्रपाळीला निघालेल्या तरुणीला कंपनीच्याच कॅबच्या ड्रायव्हरने आणि त्याच्या साथीदाराने पळवलं, बलात्कार केला, मारून टाकलं. मी तेव्हा शाळेत होते. पण नंतर पुण्यात आले तेव्हा माझ्या बीपीओतल्या रूममेटच्या कॅबमध्ये रात्री एक गार्ड बसलेला असायचा. ‘मुलीला सगळ्यात शेवटी सोडायचं नाही’ हा नियम तिला तोंडपाठ होता. तो गार्ड आणि तो नियम आला त्या प्रकरणाच्या गदारोळातून. बातम्यांनी रान उठवलं नसतं तर कंपन्यांनी आपण होऊन एवढा खर्च केला असता, यावर माझा तरी विश्वास नाही.

पण त्याच प्रकरणाचं पुढं काय झालं, आठवतं का? दोघांना फाशी झाली, सुप्रीम कोर्टाने ती २०१५ मध्ये कायम केली, दयेचा अर्ज २०१७ मध्ये फेटाळला गेला. मग दोन वर्षं कागद फिरत राहिले. अंमलबजावणीला एवढा उशीर झाला म्हणून जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फाशी रद्द करून ३५ वर्षांची कैद दिली. डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तेच कायम ठेवलं. ज्या व्यवस्थेने ती दोन वर्षं घालवली तिच्यावर किती प्राइम टाइम झाले? माझ्या ओळखीच्या दहा जणांना विचारलं, एकालाही हा शेवट माहीत नव्हता.

डिसेंबर २०१२ च्या दिल्लीचंही तसंच. सगळा देश हादरला, महिन्याभरात न्यायमूर्ती वर्मा समितीचा अहवाल आला, २०१३ मध्ये कायदा बदलला. दिल्लीत बलात्काराचे नोंदलेले गुन्हे २०१२ मध्ये ७०६ होते, २०१३ मध्ये ते १,६३६ झाले. मथळे आले, ‘दिल्लीत बलात्कार दुप्पट!’ माझ्या मते त्यातला मोठा भाग असा होता की आधी गप्प बसणाऱ्या बायका पोलीस ठाण्याची पायरी चढायला लागल्या. नोंद वाढणं ही चांगली बातमीही असू शकते. पण ती तशी वाचायला थोडा वेळ लागतो आणि डेस्कवर तेवढा वेळ नसतो.

आणि एक तिसरा प्रकार असतो, न वाजलेल्या घंटेचा. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यात खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चौघांची गावकऱ्यांनी हत्या केली. मोठ्या वर्तमानपत्रांना आणि वाहिन्यांना त्याची खरी जाग आली ती नोव्हेंबरमध्ये, माणसं रस्त्यावर उतरली तेव्हा. तोवर आमच्या धंद्याच्या हिशेबात तो कुठल्याशा खेड्यातला एक वाद होता. आपल्या सोसायटीच्या गेटपर्यंत येऊ शकेल असा गुन्हा आम्ही मोठा करतो. कारण आमचा प्रेक्षक गेटच्या आत राहतो.

टीआरपीला शिव्या देणं सोपं आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये टीआरपी घोटाळ्याच्या आरोपांनंतर न्यूज चॅनल्सचं रेटिंग बंद झालं, ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झालं. म्हणजे मधली सुमारे दीड वर्षं दर गुरुवारी येणारा तो आकडाच नव्हता. किंचाळणं कमी झालं का? अजिबात नाही. सवय झाली होती. आणि आमच्यासारख्यांच्या भिंतीवर तर दर सेकंदाला हलणारा आकडा होताच. त्या आकड्यात तुम्हीसुद्धा होता, बरं का. ‘किती निगेटिव्ह दाखवतात हे लोक’ म्हणत तुम्हीच ती बातमी उघडली होती.

मावसबहिणीचा जॉब

आता जे सांगायचं टाळत होते ते.

आईच्या त्या फोनच्या वेळी माझ्या मावसबहिणीच्या हातात एक ऑफर लेटर होतं. हिंजवडीतली कंपनी, सेकंड शिफ्ट, रात्री अकराला कॅबने घरी. घरातली पहिली इंजिनीअर मुलगी. राहायला माझ्याकडेच येणार होती. मी तिच्यासाठी कपाटाचा एक कप्पासुद्धा रिकामा करून ठेवला होता. माझा मथळा ग्रुपवर आला आणि दोन दिवसांनी काकांचा मला फोन.

‘बाळ, तू तिथं आहेस म्हणून पाठवणार होतो. पण तुमचंच चॅनल म्हणतंय घबराट आहे. एवढं वर्ष जाऊ दे. वातावरण निवळलं की बघू.’

मी म्हटलं, ‘काका, अहो तसं काही नाहीये इथं. मी रोज रात्री बाराला स्कूटीवर येते.’

‘मग तूसुद्धा जपून राहा,’ काका म्हणाले.

मी त्यांना सांगू शकले असते, काका, ती घबराट मीच लिहिली, ती खरी नाही. जीभ रेटली नाही. कंपनीने जॉइनिंगची तारीख एकदा पुढे ढकलली, दुसऱ्यांदा नाही. त्या वर्षी पुढे पुन्हा कुठला तसा कॉल आला नाही. आता ती मिरजेतच एका हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर आहे. पगार ऑफरच्या निम्म्याहून कमी. ड्यूटी रात्री साडेदहाला संपते आणि ती एकटी स्कूटीवर घरी जाते. काकांना त्यात काही वाटत नाही, आपलं गाव आहे ना! गेल्या वर्षी सांगली-मिरज रोडवर खड्ड्यात तिची गाडी घसरली, मनगट मोडलं, दीड महिना प्लास्टर. त्याचं कुठं ब्रेकिंग झालं नाही.

मी २०२३ च्या मध्यावर ती नोकरी सोडली. याच कारणाने सोडली असं म्हटलं तर फार भारी वाटेल, पण ते खोटं होईल. नाइट शिफ्टने पाठ गेली होती आणि पगारवाढ होत नव्हती. आता फ्रीलान्स करते. क्राइमच्या स्टोरीज अजूनही येतात. आता मी चाळीत जाते. ‘घबराट’ लिहिण्याआधी दोन घाबरलेली माणसं शोधते. बऱ्याचदा सापडत नाहीत आणि स्टोरी पडते. त्या महिन्याचं भाडं मग जरा ओढाताणीने निघतं.

गेल्या दिवाळीत मिरजेला गेले होते. फराळाची ताटं आवरून आम्ही दोघी गच्चीवर बसलो होतो. मनगट अजून थंडीत दुखतं म्हणाली. कसं कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं, ‘तुला माहितीये, काकांनी ती ग्रुपवर टाकलेली बातमी, ती मी लिहिली होती.’

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘माहितीये की. ग्रुपवर नुसता फोटो होता मथळ्याचा. मी शोधून आख्खी बातमी उघडली होती. खाली तुझं नाव होतं.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘बाबांना दाखवलं असतं तर ते तुझ्याशी बोलले नसते,’ ती म्हणाली आणि खाली चकल्यांचा डबा आणायला गेली.